आवतण दिलंत, आता पाट मांडा

आमच्या रविवारच्या टेबलावर गेल्या दोन महिन्यांत एका घुबडाने अकरा वेळा प्राण सोडला. कधी सापळ्याच्या फरशीवर आधी बसवलं म्हणून, कधी अंधाऱ्या भुयारात पुढे धाडलं म्हणून, आणि एकदा तर कुंडातलं पाणी पाणीच आहे की आम्ल आहे हे बघायला. दर वेळी त्याचा मालक, म्हणजे माझा चौदा वर्षांचा भाचा, खांदे उडवून सांगतो, "दहा मोहरा फक्त, मामा. परत येतंय." बाकीचे खिदळतात. मी खिदळत नाही, आणि त्यावरून आमच्यात आता रीतसर भांडण आहे. टेबलावर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत कुणीतरी फासा टाकतं, म्हणून इथे लिहितोय. इथे मला कुणी मध्ये तोडू शकत नाही.

आधी नातेवाइकांसाठी. आत्या, काकू, आणि "या वयात फासे कसले खेळतोस रे?" असं फोनवर विचारणाऱ्या नागपूरच्या मामी, हे तुमच्यासाठी. हा जुगार नाही. पैसे लागतात ते भज्यांना. पाच-सहा जण बसतात, एक जण सूत्रधार, त्याला डीएम म्हणतात. तो सांगतो, "समोर पडका वाडा आहे, आत दिवा दिसतोय." बाकी प्रत्येकाचं एक पात्र, आणि आपलं पात्र काय करतंय ते आपण तोंडाने सांगायचं. जमेल की नाही अशी शंका आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. शेवटी कुणी जिंकत नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोन अमेरिकन माणसांनी १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाने हा खेळ छापला, आणि तेव्हापासून त्याची पिलावळ वाढतेच आहे. आमचं बस्तान पुंडलिकनगरातल्या आमच्याच गच्चीवर, उन्हाळ्यात खाली हॉलमध्ये कूलरपुढे.

तर या खेळात एक पात्र असतं, समनर. दुसऱ्या लोकातल्या एका जीवाशी त्याची गाठ बांधलेली असते. तो हाक मारतो, तो जीव येतो, त्याच्या बाजूने लढतो, परत जातो. मराठीत 'आवाहक' म्हणता येईल, पण ते सरकारी पत्रकातलं वाटतं. मी 'आवतण्या' म्हणतो. आवतण देणारा तो आवतण्या. शब्द माझाच आहे, कुणाला घ्यायचा असेल तर घ्या. घुबडवाला भाचा नियमांनुसार जादूगार आहे, आवतण्या नाही, पण हाक मारून जीव बोलावायचा म्हणजे जात तीच.

माझं म्हणणं असं, की हे पात्र या सगळ्या खेळातलं सगळ्यात सुंदर पात्र आहे, आणि आपण सगळे मिळून त्याची माती करतोय. दोन टोळ्यांनी ती केली आहे. एक टोळी सोबत्याला हत्यार समजते. दुसरी टोळी, यात आमचा डीएम येतो, म्हणते की हे पात्रच टेबलावर नको, बंदी घाला. वरवर या दोघांचं भांडण दिसतं. पण दोघांचा समज एकच आहे: सोबती म्हणजे आकड्यांची पुरचुंडी. एकाला ती स्वस्त वाटते, दुसऱ्याला महाग.

नियमांचा थोडा इतिहास सांगतो, कारण यातच सगळी गोम आहे.

१९७८च्या ॲडव्हान्स्ड डी अँड डीच्या पुस्तकात जादूगाराला 'फाइंड फॅमिलियर' नावाचा मंत्र होता. मांजर, कावळा, घुबड, असलं काहीतरी यायचं. ते जवळ असेपर्यंत त्याचे हिट पॉइंट्स तुमच्यात मिळायचे. (हिट पॉइंट म्हणजे अंगातला जीव, मामी. शून्य झाला की संपलं.) पण ते मेलं तर त्याच्या दुप्पट पॉइंट्स तुमचे जायचे, आणि कायमचे जायचे. नवशिक्या जादूगाराकडे तेव्हा असायचे एक ते चार. म्हणजे मांजर गेलं की तुम्हीही जवळजवळ गेलातच. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत हे सौम्य झालं. सोबती मेला तर अनुभवाचे गुण कापले जायचे, पातळीमागे दोनशे, आणि शरीराने तग धरला तर निम्मे. शिवाय एक वर्ष आणि एक दिवस दुसरा आणता यायचा नाही. हे 'एक वर्ष आणि एक दिवस' मला फार आवडतं. वर्षश्राद्ध उरकून वर एक दिवस. कुणी लिहिलं असेल त्याला सुतक कळत होतं.

मग २०१४ची पाचवी आवृत्ती. आता दहा मोहरांचा कोळसा, धूप आणि जडीबुटी पितळी शेगडीत जाळायची, एक तास घालवायचा, की प्राण्याच्या रूपात एक आत्मा हजर. मेला तर अंग न ठेवता नाहीसा होतो, परत शेगडी पेटवली की परत येतो. दंड नाही, सुतक नाही. खेळ सोपा व्हावा म्हणून केलं, हेतू वाईट नव्हता. पण परिणाम आमच्या टेबलावर बसलाय, अकरा वेळा मेलेला.

यावर भाच्याचा बिनतोड युक्तिवाद असा, की मामा, तो आत्मा आहे, तो मरतच नाही. बरं. मग मला सांग, त्याच पुस्तकात सामानाच्या यादीत दहा फुटी काठी आहे. फरशी ठोकून बघायला लोक ती पिढ्यानपिढ्या वापरत आले. तिची किंमत पाच तांब्याचे पैसे. एका मोहरेचे शंभर तांब्याचे पैसे, म्हणजे तुझ्या एका घुबडाच्या पैशात दोनशे काठ्या येतात. तुला सापळेच तपासायचे असतील तर काठी घे. घुबड का लागतं? घुबड लागतं कारण ते तुझ्या खांद्यावर बसतं, त्याच्या डोळ्यांनी तुला दिसतं, रात्री पहाऱ्याला ते जागं असतं. काठीशी असलं काही नसतं. हे सगळं तुला हवंय, आणि सापळा आला की तेच घुबड काठी. हा व्यवहार लबाडीचा आहे, एवढंच मी म्हणतोय. तू क्रूर आहेस असं मी म्हटलेलं नाही, ताईला उगाच तसं सांगू नकोस.

आई वर भजी घेऊन आली तेव्हा या घुबडाची चर्चा रंगात आली होती. आधी तिने घुबड शब्दालाच नाक मुरडलं. मग तिने सगळं ऐकून घेतलं, आत्मा, शेगडी, दहा मोहरा, आणि विचारलं, "मग त्याला खायला काय देता?"

कुणालाच उत्तर देता आलं नाही, कारण पुस्तकात तसलं काही नाहीच. डीएमने पानं चाळली. त्याला कळेना की ही बाई नियम विचारतेय की टोमणा मारतेय.

ती काहीच मारत नव्हती. आमच्या मराठवाड्यात गौरींना महालक्ष्म्या म्हणतात, आणि तिने आयुष्यभर त्या बसवल्या आहेत. तीन दिवसांचा कार्यक्रम असतो. पहिल्या दिवशी आवाहन, दुसऱ्या दिवशी पूजन आणि जेवण, तिसऱ्या दिवशी विसर्जन. दारापासून पावलं काढत, ताट वाजवत ज्येष्ठा-कनिष्ठेला घरात आणायचं, घर दाखवायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुरणपोळी आणि सोळा भाज्या. जाताना तोंड गोड आणि पुन्हा येण्याचं बोलणं. साध्या षोडशोपचार पूजेत उपचार सोळा, त्यातला पहिला आवाहन. दुसरा आसन. मग पाय धुवायला पाणी, हातावर पाणी, आचमन, स्नान, वस्त्र, गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य, असं करत नमस्कारापर्यंत. म्हणजे आपल्याकडे हाक मारणं हे एकूण कामाचा सोळावा हिस्सा आहे. उरलेले पंधरा हिस्से हाकेला ओ दिल्यावर तुमच्या डोक्यावर बसतात. खेळवाल्यांनी यातला पहिला उचलला आणि पंधरा टाकून दिले. आमच्या आळीतली कुठलीही काकू या पोरांपेक्षा सरस आवतणी आहे. आणि भुयारात पुढे कोण जाईल म्हणून तिने अजून महालक्ष्मीला धाडलेलं नाही.

आता मी जरा पैठणकडे वळतो, कारण हा सगळा वाद तिथे फार आधी मिटलेला आहे आणि आपण पन्नास किलोमीटरवर राहून तो विसरलोय. आपल्या शहराचं पाणीसुद्धा तिथूनच, नाथसागरातून येतं.

विक्रम-वेताळ आपण 'चांदोबा'त वाचला, १९८५ साली दूरदर्शनवर बघितला. पण ती गोष्ट कुठली? सोमदेवाच्या अकराव्या शतकातल्या 'कथासरित्सागरा'त बघा, गोदावरीकाठच्या प्रतिष्ठाननगरीतली. म्हणजे पैठणची. तिथे राजाचं नाव त्रिविक्रमसेन. एक भिक्षू वर्षानुवर्षं रोज दरबारात येऊन राजाला एक फळ देतो, आणि एके दिवशी कळतं की प्रत्येक फळात एक रत्न होतं. त्या उपकाराखाली तो राजाला अमावास्येसारख्या काळोख्या रात्री मसणात बोलावतो आणि म्हणतो, त्या झाडावर लटकलेलं प्रेत आणून दे. प्रेतात वेताळ. पुढचं सगळ्यांना पाठ आहे. वेताळ गोष्ट सांगतो, कोडं घालतो, उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं, आणि बोललास की वेताळ परत झाडावर. राजा परत जातो, परत खांद्यावर घेतो. वीसहून जास्त वेळा.

या गोष्टीत आवतण्या कोण आहे? खेळाच्या नियमांनी बघितलं तर भिक्षू. विधी त्याला येतो, मंडल त्याने आखलंय, सामग्री त्याने जमवलीय, मुहूर्त त्याने काढलाय. एकच गोष्ट त्याने केलेली नाही. वेताळ त्याने स्वतः वाहून आणला नाही. ते ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर टाकलं, आणि शेवटी बळीही त्या दुसऱ्याचाच द्यायचा बेत केला. पुस्तकातली शेगडी पेटवणारा हाच. आणि राजा? त्याला मंत्र येत नाही, विधी येत नाही. पण त्याने रात्रभर खांदा दिलाय, त्या जीवाचं ऐकून घेतलंय, त्याच्या प्रश्नांना विचार करून खरी उत्तरं दिली आहेत. पहाटेला वेताळ कुणाच्या बाजूने उभा राहतो? राजाच्या. भिक्षूचा बेत तोच फोडतो आणि जीव कसा वाचवायचा तेही सांगतो. विक्रमाच्या इतर गोष्टींत वेताळ आठवण काढताच हजर होतो, तो त्या रात्रीचा हिशेब.

मला या खेळातल्या हजार पानी पुस्तकांतसुद्धा सोबत्याशी गाठ कशी पडते याचं याहून बरं वर्णन सापडलेलं नाही. विशेष म्हणजे वेताळ इथे आज्ञाधारक नाही. तो उलटतो, पळतो, चिडवतो, आणि प्रश्न विचारतो. बांधलेपण आहे ते दोन्हीकडून आहे, राजालाही गप्प बसायची मुभा नाही.

पैठणचीच दुसरी गोष्ट. शुद्धिपत्रासाठी ज्ञानेश्वर आणि भावंडं पैठणला आली, तेव्हा कुणीतरी कुत्सितपणे म्हणालं की नावात काय आहे, तो पखालीचा रेडा चाललाय त्याचंही नाव ज्ञानाच. आणि रेड्याच्या पाठीवर आसूड ओढला. वळ उठले ते ज्ञानेश्वरांच्या पाठीवर. आख्यायिका सांगते की रेड्याने वेद म्हटले ते त्यानंतर, नागघाटावर. आपण सगळे वेदांवर थांबतो, कारण तो चमत्कार देखणा आहे. माझ्या लेखी आधीचे वळ जास्त महत्त्वाचे आहेत.

इथे परत पाथफाइंडरकडे येतो, थोडा धीर धरा. पाथफाइंडर या डी अँड डीच्या चुलतभावात समनर रीतसर आला २०१० साली, 'ॲडव्हान्स्ड प्लेयर्स गाइड' या पुस्तकात. त्याच्या सोबत्याला आयडोलॉन म्हणतात. दोघांच्या कपाळावर एकच चिन्ह चमकतं, ते साध्या उपायांनी झाकता येत नाही. आयडोलॉन मरायला टेकला तर आवतण्या आपल्या अंगातला जीव एकास एक या भावाने देऊन त्याला टिकवू शकतो. दोघं लांब गेले तर आयडोलॉन क्षीण होतो. हे छान होतं. पण पुढे पूर्ण मेला तरी दुसऱ्या दिवशी निम्म्या जिवानिशी परत. मग २०२१ साली, दुसऱ्या आवृत्तीच्या 'सीक्रेट्स ऑफ मॅजिक' या पुस्तकात, त्यांनी सरळ दोघांचा जीव एकच करून टाकला. हिट पॉइंट्सचा एकच रांजण. आयडोलॉनला भाला लागला, तुमचा जीव गेला. तुम्हाला बाण लागला, त्याचा गेला. रांजण रिकामा झाला की तुम्ही कोसळता आणि तो नाहीसा होतो.

हा नियम आला तेव्हा इंटरनेटवर काय रडारड झाली! म्हणे आता सोबत्याला पुढे पाठवायची सोयच उरली नाही. अरे, तेच तर! एकावर आसूड, दुसऱ्यावर वळ. नागघाटावरच्या नियमाला पाथफाइंडरवाल्यांनी पाठिंबा दिला, त्यांना ठाऊक नसताना.

आणि ज्ञानेश्वरांच्या रेड्याचं पुढे काय झालं हे किती जणांना माहीत आहे? वेद म्हणून झाल्यावर त्याला पखालीला परत जुंपलं नाही. भावंडांनी त्याला बरोबर घेतलं, वाटेत जुन्नरजवळ आळे इथे तो गेला, आणि तिथे त्याला समाधी दिली. देऊळ आहे, लोक जातात. काम झाल्यावर सोबत्याचं काय करायचं, या प्रश्नाला खेळाच्या पुस्तकात एक ओळ असते: 'डिसमिस'. आपल्याकडे एक गाव आहे.

कोकणातला नमुनाही बघण्यासारखा आहे. वेंगुर्ले तालुक्यात आरवलीचा वेतोबा, म्हणजे वेताळच, पण गावाचा राखणदार झालेला. तो रात्री गावाची राखण करत फिरतो, त्यामुळे चपला झिजतात, म्हणून भाविक त्याला चामड्याच्या भल्या मोठ्या चपला वाहतात, आणि केळीचे घड. राखण करून घेता ना, मग चपला तुम्ही पुरवा. इतका सरळ हिशेब आहे. याच्या उलट गिऱ्हा. पाण्यातलं भूत, त्याचे केस कापून लपवले तर तो गुलाम होतो आणि हवं ते आणून देतो, पण केस त्याच्या हाती परत लागले की सूड घेतो. म्हणजे जबरदस्तीने बांधलेल्या सोबत्याचं पुढे काय होतं याचाही नियम आपल्याकडे तयार आहे. भाच्याला हा फार आवडला, तो लगेच 'केस कुठे लपवायचे' यावर आला. पोरगं वकील होणार.

आता मी भाबडा आहे असं वाटत असेल तर थांबा. आमच्या आजोबांकडे फुलंब्रीकडच्या गावात बैलजोडी होती. आता पोळ्याच्या आदल्या दिवशीच्या खांदमळणीवर लिहायला मला कुणी सांगितलं तर मी तीन पानं लिहीन. जुवाने घासलेल्या खांद्याला तूप-हळद चोळतात, आणि बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. शब्द हाच, आवतण. पण त्याच हातात उरलेलं वर्ष पराणी असायची, तिच्या टोकाला खिळा असायचा, आणि तो टोचला जायचा. म्हातारा बैल बाजारात जायचा आणि तिथून कुठे जायचा हे सगळ्यांना कळायचं. बैल घरचा माणूस वगैरे शहरात बसून बोलायला सोपं आहे.

पण ७२च्या दुष्काळात वडिलांनी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. आजोबा दुष्काळी कामावर खडी फोडायला जात, घरात मिलोच्या भाकरी. कडबा मिळेना, मिळाला तर सोन्याच्या भावाने. गावात निम्म्या दावणी रिकाम्या झाल्या. आजोबांनी आजीच्या पाटल्या मोडल्या आणि कडबा घेतला. शेजारी म्हणाले वेडा आहे, पोरं उपाशी आणि हा जनावरं पोसतोय. आजोबांचं उत्तर भावनेचं नव्हतंच. ते म्हणाले, पाऊस पडेल त्या दिवशी दावणीला बैल नसले तर माझ्या दोन हातांनी मी किती रान नांगरणार? बैल मेले म्हणजे मी मेलोच, फक्त चार महिने उशिरा. आजीने पाटल्यांचा विषय पुढे कधी काढला नाही, आणि पाटल्या पुन्हा झाल्याही नाहीत.

एकच रांजण म्हणजे हे. प्रेम असो वा नसो, एकाचा आकडा खाली गेला की दुसऱ्याचा जातो. भाच्याला 'घुबडावर माया कर' असं मी म्हणत नाही. मायेची सक्ती करता येत नाही. हिशेब सामायिक ठेव, एवढंच म्हणतोय. नियमात दंड घाला, मग सापळ्यापुढे तो आपोआप दोनदा विचार करेल, आणि त्या दोनदा विचार करण्यातच खेळ आहे. आता त्याचा सापळ्याचा प्रसंग पाच सेकंदांत संपतो. घुबड जा, घुबड मेलं, चला पुढे. ज्या प्रसंगात गमवायचं काही नाही तो खेळायचाच कशाला?

दुसऱ्या टोळीचंही ऐकून घेऊ, कारण डीएम हे वाचतो. त्याचे आक्षेप दोन. पहिला, समनर खेळ रखडवतो, एका माणसाच्या दोन-दोन खेळ्या, बाकीचे मोबाईल काढतात. हे खरं आहे. मी स्वतः मोबाईल काढलेला आहे. पण याला २०२१चं उत्तर आहे: दोघांत मिळून तीनच कृती, वर एकत्र हालचालीची थोडी सवलत. वाटून खा. दुसरा आक्षेप, समनर फार बलवान होतो. तेही २०१०च्या आवृत्तीबद्दल खोटं नाही. गुण मोजून हात-पाय-पंजे वाढवत नेले की झेप घेऊन एकदम इतके वार करणारा राक्षस तयार व्हायचा की बाकीच्यांनी घरी जावं. स्वतः कंपनीने २०१५ साली 'पाथफाइंडर अनचेन्ड'मध्ये त्याला वेसण घातली.

पण बघा, तो राक्षस कसा तयार होतो? सोबत्याला कुठून येतो, काय हवंय, काय आवडत नाही हे काहीच न ठरवता. आधी पंजे ठरतात. दुकानातून सुटे भाग आणून मोटारसायकल जोडावी तसा तो जोडलेला असतो. वाळूजला दिवसभर मी तेच करतो, रविवारी परत नको. बंदी घालून तुम्ही मोटारसायकल हटवता आणि वेताळही हटवता. ज्याच्याकडे स्वतःचं मत आहे असा सोबती कधी अतिबलवान होत नाही, कारण तो दर वेळी तुमचं ऐकेलच असं नाही. त्रिविक्रमसेनाला विचारा.

आणि माझा खरा राग इथे आहे. सोबत्याचं तोंड मालकाच्या ताब्यात देण्याची जी पद्धत पडली आहे ना, ती मोडली पाहिजे. सोबती बोलेल ते डीएमने बोलावं, किंवा टेबलावरच्या दुसऱ्या कुणीतरी. स्वतःच हाक मारायची आणि स्वतःच ओ द्यायची, याला आपल्याकडे वेगळा शब्द आहे. एकनाथांच्या घरी श्रीखंड्या बारा वर्षं गोदावरीचं पाणी वाहत होता, आणि तो खुद्द पांडुरंग आहे हे नाथांना माहीत नव्हतं. रांजण भरणारा कोण आहे हे भरून घेणाऱ्याला ठाऊक नाही! पैठणला षष्ठीच्या दिवसांत तो रांजण आजही भाविक भरतात. आपला सोबती खरा कोण आहे, हे फक्त डीएमला माहीत आहे आणि आपण बारा सत्रं त्याच्याकडून कावडी वाहून घेतोय... सांगा, याच्यासारखं कथानक तुमच्या त्या छापील साहसांत आहे का?

उरला पुंडलिक, आमच्या वस्तीचा. त्याने तर आलेल्या देवाला वीट दिली आणि थांब म्हणाला, आईबापांचे पाय चेपून होऊ देत. डीएम म्हणतो हे उदाहरण माझ्याच विरुद्ध जातं, कारण इथे आलेल्याला ताटकळत ठेवलंय. मुळीच नाही. दारात चिखल होता, पुंडलिकाने उभं राहायला वीट टाकली. सोळांतला दुसरा उपचार, आसन. घाईतही तो चुकला नाही.

तर येत्या रविवारपासून मी आवतण्या खेळणार आहे, आणि पुढच्या अटी डीएमकडे लिहून दिल्या आहेत. हिट पॉइंट्स सामायिक, २०२१च्या नियमाप्रमाणे. सोबत्याचं तोंड माझ्याकडे नाही, ते डीएमकडे, आणि डीएमचा घसा बसला तर ताईकडे. सोबत्याला नाही म्हणायचा हक्क, आणि प्रत्येक मुक्कामावर एक प्रश्न विचारायचाही. उत्तर माहीत असून मी टाळलं तर दंड. त्याला खायला काय लागतं हे पहिल्याच सत्रात ठरवायचं, आणि ते मिळवणं माझ्या पात्राची जबाबदारी, पैसे माझ्या थैलीतले. तो कायमचा गेला तर एक वर्ष आणि एक दिवस दुसरा नाही, खेळातलं वर्ष.

बाकी सगळं डीएमने कुरकुरत मान्य केलंय. नाही म्हणायच्या हक्कावर तो अडून बसलाय. म्हणतो, ऐन लढाईत तुझा सोबती रुसला आणि सगळी टोळी मेली तर जबाबदार कोण? मी म्हटलं, मी. तो म्हणाला, लिहून दे. हे घे, लिहून दिलं.